दहा पौंडांचे घर

इंग्लंडच्या आग्नेयेला, ससेक्स परगण्यातील ॲल्फ्रिस्टन गावात ककमिअर नदीकाठी चौदाव्या शतकातले एक गवती छपराचे घर आहे. शेजारी सेंट अँड्र्यूचे चर्च. पाद्र्यांच्या वापरात राहिल्याने या घराला ‘क्लर्जी हाउस’ म्हणतात. प्रासादाची शान इथे शोधू नये. इथली गंमत सुतारकामात आहे.

बांधणी ‘वील्डन’ धाटणीची आहे. केंट-ससेक्सच्या वील्ड भागात अशी घरे पुष्कळ झाली. या धाटणीत मधला हॉल जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा असतो आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असतात. टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीच्या थोडे पुढे काढलेले असतात, पण छप्पर सगळ्यांवर एकच आणि वळचणही सरळ. त्यामुळे हॉलची भिंत आत गेलेली दिसते आणि तिच्यापुढे अधांतरी राहणारी वळचण वाकड्या लाकडी टेकूंवर तोललेली असते. तीन छपरांऐवजी एकच केले की सांधे कमी आणि गळतीही कमी. जुन्या सुतारांचा हा हिशेब दाद देण्याजोगा आहे.

सांगाडा ओकच्या लाकडाचा आहे. सांधे लाकडी खुंट्या ठोकून पक्के केलेले आणि मधल्या भिंती चक्क कुडाच्या. मुळात धुराडे नव्हते. हॉलच्या मधोमध जमिनीवरच आगटी पेटे आणि धूर वर चढून छपरातून वाट काढी. हॉल इतका उंच ठेवण्यामागे थाटापेक्षा धुराची सोय अधिक होती. जमीन त्याहून नवलाची: खडूचा चुरा धुम्मस करून त्यावर आंबट दूध जिरवलेले. शेणाने सारवलेल्या आपल्या ओसरीसारखाच हाही हाताशी असेल त्यातून काढलेला मार्ग.

एकोणिसाव्या शतकात घर इतके मोडकळीला आले की ते पाडण्याचे घाटत होते. गावचे पाद्री बेनन यांनी ते वाचवण्यासाठी खटपट केली. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि कॅनन रॉन्स्ली यांनी १८९५ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन केली होती. या संस्थेने पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, हे घर १० पौंडांना घेतले. ट्रस्टच्या ताब्यात आलेली ही पहिली वास्तू. किंमत नाममात्रच, वास्तुतज्ज्ञ आल्फ्रेड पॉवेल यांच्या देखरेखीखाली झालेल्या दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट पैसा लागला.

हॉलच्या कोपऱ्यात एका तुळईवर ओकचे पान कोरलेले आहे. ट्रस्टचे ओकच्या पानांचे बोधचिन्ह १९३५ मध्ये जोसेफ आर्मिटेज यांनी रेखाटले, ते याच पानावरून सुचले असावे असे म्हणतात.