फॉन्ट हलका करताना
फॉन्टच्या फाइलीत अक्षराकृती (अक्षरांची रेखाटने) असतात, तसेच त्या जोडण्याचे नियमही. नको त्या आकृत्या काढल्या की फाइल हलकी होते. उरलेल्या अक्षरांचे वळण तसूभरही बिघडत नाही. मात्र मजकुरातली मुळाक्षरे आणि काना-मात्रांसारखी चिन्हे ठेवली की भागले, हा समज अपुरा आहे. जालना जिल्ह्यातल्या ‘राजूर’ या नावापुरते ते चालेल. तिथल्या ‘राजुरेश्वर’ गणपतीच्या नावात श, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि व जुळून ‘श्व’ होतो. नियम गळाले तर पडद्यावर ‘श्‌व’ उमटतो. जणू पुरणपोळीचे साहित्य आहे, पण कृती हरवली. युनिकोडच्या मूळ देवनागरी गटात जागा 128, त्यांत ‘श्व’ला स्वतंत्र जागा नाही, तो फॉन्टच घडवतो. चांगली साधने हे नियम आपोआप राखतात, हे खरे. पण भाविकांची नावे टंकायची असतील, तर कोणते जोडाक्षर येईल ते आधी कळत नाही. तिथे देवनागरी पूर्ण ठेवून इतर लिप्या वगळाव्यात.