थीसियसच्या पाठीमागचे हात

पुतळा उंचीला अर्धा मीटरही नाही. ग्रीक वीर थीसियस ताठ उभा आहे. बैलाचं डोकं आणि माणसाचं शरीर असलेला मिनोटॉर त्याला पायाचा विळखा घालून झटतो आहे. थीसियसने एका हाताने त्याला धरलंय, दुसऱ्या हातातली आखूड तलवार घाव घालायच्या बेतात आहे, पण चेहऱ्यावर साधी आठीसुद्धा नाही. आंत्वान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकाराने १८४३च्या सुमारास ही झुंज घडवली.

बारी सोनाराचा मुलगा. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास बसून त्याने जनावरं रेखाटली, मेलेल्या जनावरांची मापं घेतली. म्हणून त्याच्या मिनोटॉरची मान खऱ्या बैलासारखी भरलेली दिसते. व्यवहारात मात्र तो बुडाला. १८४८मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि मूर्तींचे नमुने काही वर्षं सावकाराच्या ताब्यात गेले. १८७५मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षीच्या लिलावात त्याचे अनेक नमुने कांस्यमूर्तींचा कारखानदार फेर्दिनां बार्बेदिएन याने घेतले.

बार्बेदिएन आधी वॉलपेपरचा व्यापारी होता. १८३८मध्ये त्याने आशिल कोला या यंत्रकाराबरोबर भागीदारी केली. कोलाच्या यंत्रात एक बोथट सुई मूळ मूर्तीच्या अंगाखांद्यावरून फिरे. तिला जोडलेली दुसरी, धारदार सुई तोच आकार ठरलेल्या प्रमाणात लहान करून कोरत जाई. दोन मीटरहून उंच असलेली लूव्रमधली व्हीनस त्यामुळे दिवाणखान्यातल्या फडताळावर मावू लागली.

यंत्राचं काम इथे संपे. पुढचं सगळं हाताचं. नमुन्याचे सुटे भाग बारीक, ओलसर वाळूत दाबून साचे करायचे, त्यांत वितळलेलं कांस्य ओतायचं. दंड वेगळा, धड वेगळं. मग भाग जोडायचे आणि छिन्नीवाल्याने ते सांधे नाहीसे करायचे. केसांची बट, नखं, पापणीची कड तोच पुन्हा कोरून काढी. शेवटी मूर्ती तापवून तिच्यावर रसायनांचे हात दिले जात, तेव्हा कुठे तो गडद तपकिरी किंवा हिरवट रंग चढे. कांस्यकाम करणारे कारागीर शेकड्यांनी एकाच कारखान्यात राबत, तेव्हा युरोपातल्या घराघरांत ग्रीक देव पोचत.

जुनी मूर्ती पारखतानाही छिन्नीवाल्याचा हाच हात शोधायचा असतो. तयार मूर्तीवरूनच पुन्हा साचा काढला, तर थंड होताना कांस्य आक्रसतं आणि नक्कल किंचित लहान भरते. बोटांमधल्या खाचा बुजतात, डोळे मेणासारखे गुळगुळीत होतात. जस्ताच्या स्वस्त मूर्तींवरही कांस्याचा रंग चढवत. बैठकीच्या खालच्या बाजूला ओरखडा दिसला, तर जस्त राखाडी चमकतं आणि कांस्य पिवळसर. कारखान्याचा शिक्का तेवढा पाहून मात्र भुलू नये, कारण शिक्काही साच्यातून जसाच्या तसा उतरतो.

अशा मूर्तीवर बारीची सही असते, कारखान्याचं नाव असतं. छिन्नीवाल्याचं नाव सहसा नसतं. म्हणून थीसियससमोर उभं राहिलं की त्याला एकदा वळसा घालून मागे जावं आणि दंड खांद्याला जिथे जोडला आहे, ती जागा शोधावी. शोधूनही सांधा सापडला नाही, तर समजावं, त्या कारागिराची सही तिथेच आहे.