सौरपॅनेलांखालचे कुरण

विद्यार्थी मित्रहो, येत्या डिसेंबरात एक सोपा प्रयोग करून पाहा. २१ किंवा २२ तारखेला, सूर्य आकाशात सर्वांत उंच आलेला असताना, दोन मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करा आणि तिची सावली मोजा. तुम्ही सोलापुरात असाल तर ती सुमारे पावणेदोन मीटर भरेल. त्याच दिवशी दक्षिण इंग्लंडमधल्या एखाद्या मुलाने तेवढीच काठी उभी केली तर तिची सावली मात्र साडेसात मीटर पडेल!

कारण उघड आहे. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश, म्हणून त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. दक्षिण इंग्लंडचा अक्षांश साधारण ५१.५. तेथे तो जेमतेम १५ अंश वर चढतो आणि लगेच उतरू लागतो. दहावीतील त्रिकोणमिती आठवत असेल तर काठीची उंची त्या कोनाच्या ‘टॅन’ने भागून पाहा, हीच उत्तरे मिळतील.

आता काठीच्या जागी सौरपॅनेलांची तिरपी रांग उभी आहे असे समजा. एका रांगेची सावली मागच्या रांगेवर पडली तर वीज कमी मिळणार. हिवाळ्यातली सगळीच सावली टाळायची म्हटले तर जागा पुरायची नाही, म्हणून इंग्लंडमधले अभियंते थोडा तोटा सोसतात. तरीही दोन रांगांमध्ये बरीच रुंद पट्टी त्यांना मोकळी सोडावीच लागते. अशा सौर वीजकेंद्रात साधारण एकतृतीयांश जमीन पॅनेलांच्या छायेत असते. बाकीची उघडी राहते आणि तिच्यावर गवत माजते.

या मोकळ्या पट्टीतल्या गवताचे काय करायचे? प्रश्न माळ्याचा वाटतो खरा, पण त्यावर विद्यापीठांतून पीएच.डी.चे संशोधन चालले आहे. काही कीटकांचे आणि पक्ष्यांचे भवितव्य त्याच्या उत्तराशी जोडलेले आहे.

केंद्र चालवणाऱ्याला उंच गवत नको असते, आणि त्याची अडचण खोटी नाही. पॅनेलमधील सौरघट एकसर जोडणीत असतात. एकसर जोडणीत सर्व घटांतून सारखीच विद्युतधारा वाहते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे खालच्या कडेच्या एका घटावर गवताची सावली पडली की त्याची धारा घटते आणि सोबतचे चांगले घटही अडून बसतात. हा तोटा आवरण्यासाठी त्या घटांना बगल देणारे डायोड बसवलेले असतात, पण तोटा पुरता टळत नाही. म्हणून मग उन्हाळाभर यंत्राने गवत कापायचे, नाहीतर मेंढ्या सोडायच्या, क्वचित तणनाशक मारायचे, अशी रीत पडली. केंद्र हिरवेगार आणि नीटनेटके दिसते, परंतु त्या हिरवळीत एकही फूल उमलत नाही.

याची झळ पोचते ती बंबलबी नावाच्या माशीला. आपण ज्याला भुंगा म्हणतो, तो लाकूड पोखरणारा काळा, चकचकीत भुंगा वेगळा. बंबलबी ही त्याच्याहून केसाळ, अंगावर पिवळे-काळे पट्टे असलेली, थंड हवेत राहणारी माशी आहे. भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते. उडण्याचे स्नायू थरथरवून ती आपले वक्ष तापवते आणि ज्या गार सकाळी इतर कीटक हालतही नाहीत त्या वेळी फुलांवर हजर होते. टोमॅटोचे फूल पकडून ती जोराने गुणगुणते, त्या कंपनाने पराग खाली झडतात. साध्या मधमाशीला ही युक्ती साधत नाही.

तिचा संसार मात्र फार नाजूक असतो. हिवाळाभर जमिनीत निजलेली राणी वसंतात एकटीच बाहेर येते, उंदराचे सोडलेले बीळ किंवा गवताचा झुबका शोधते आणि तेथे अंडी घालते. मधमाश्यांच्या पोळ्यात हजारो कामकरी माश्या असतात. येथे काही डझन, फार तर काहीशे. मधाचा साठा पुरतो तो जेमतेम काही दिवस. म्हणजे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत उडण्याच्या टप्प्यात काही ना काही फुललेले असायलाच हवे. जूनमध्ये फुले भरपूर आणि जुलैत कोणी कुरण सपाट कापले, तर अर्धवट वाढलेली वसाहत उपाशी मरते. शरद ऋतूत जुनी राणी आणि कामकरी माश्या मरून जातात. उरतात फक्त नव्या राण्या. त्याच तयार झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी तेथे काहीच नाही.

ब्रिटनमध्ये बंबलबीच्या २४ जाती सांगतात, आणि त्यांतील कित्येकींवर संकट आहे. १९३० चे दशक ते १९८४ या काळात इंग्लंड आणि वेल्समधील फुलांनी भरलेली सुमारे ९७ टक्के कुरणे नाहीशी झाली. काही नांगराखाली गेली, काहींवर रासायनिक खत पडून नुसते जोमदार गवत वाढले. ‘आखूड केसांची बंबलबी’ १९८८ मध्ये डंजनेस या किनाऱ्यावर शेवटची दिसली आणि २००० साली ती ब्रिटनमधून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

या पार्श्वभूमीवर सौर वीजकेंद्राच्या जमिनीकडे पाहा. भोवती कुंपण आहे. २५ ते ४० वर्षे तेथे नांगर चालणार नाही, पिकावरची औषधे फवारली जाणार नाहीत. अशी स्वस्थ जमीन शेतीप्रधान मुलखात दुसरीकडे कोठे मिळणार? लँकेस्टर विद्यापीठातील एका विद्यार्थिनीने आपल्या पीएच.डी.साठी हाच विषय घेतला.

शेकडो केंद्रांत वेगवेगळी कुरणे लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे एका विद्यार्थिनीला शक्य नव्हते. म्हणून प्रथम संगणकावर प्रतिकृती तयार करण्यात आली. तिचे तत्त्व सोपे आहे. नकाशाचे लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला दोन प्रकारचे गुण द्यायचे: येथे घरट्याला जागा कितपत आणि कोणत्या ऋतूत फुले किती. मग प्रत्येक घरट्यातून माश्या निघतात, जवळची फुले आधी आणि लांबची कमी वेळा गाठतात, आणि मिळालेल्या अन्नाच्या प्रमाणात पुढची वसाहत लहान किंवा मोठी होते, हा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा. केंद्रातील जमीन एकदा कापलेली हिरवळ धरली आणि एकदा फुलांचे कुरण धरले. २०२१ च्या डिसेंबरात ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या परिषदेत निष्कर्ष मांडले गेले: कुरण राखलेल्या केंद्रात हिरवळीच्या चौपट बंबलबी राहू शकतील, आणि त्यांची वाढलेली संख्या कुंपणाबाहेर एक किलोमीटरपर्यंत जाणवेल. हा एक किलोमीटर महत्त्वाचा आहे, कारण तेथे शेतकऱ्यांची पिके उभी असतात आणि त्यांतल्या अनेकांना परागीभवन हवे असते.

प्रतिकृती म्हणजे अर्थातच प्रत्यक्ष माशी नव्हे. म्हणून त्याच गटाने इंग्लंडमधील १५ सौर वीजकेंद्रांत जाऊन पाहणी केली. रांगांमधून ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचे आणि दिसलेली प्रत्येक बंबलबी, फुलपाखरू, फुलमाशी टिपायची, वाटेतल्या फुलांच्या जातीही मोजायच्या, अशी ही पद्धत. ऐकायला सोपी आहे, उन्हात दिवसभर करून पाहा म्हणजे कळेल! यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. फुलांच्या जातींची विविधता जेथे अधिक, तेथे परागवाहक कीटकही अधिक. भोवतीच्या प्रदेशाचा परिणामही दिसला, पण तो केंद्रचालकाच्या हाती नसतो. कुंपणाच्या आतली फुले असतात.

मग बी फेकले की काम झाले? तसे नाही. येथे निसर्गाचा एक उलटा वाटणारा नियम आड येतो: फुलांचे कुरण निकस जमिनीवर चांगले येते. खतावलेल्या जुन्या शेतात जोमदार गवत इतके वाढते की रानफुलांची रोपे त्याखाली गुदमरतात. म्हणून शरदात, बी झडून गेल्यावर, कापणी करायची आणि कापलेले गवत तेथून उचलून न्यायचे. ते तेथेच कुजले तर जमिनीला पुन्हा खतच मिळते. मेंढ्या सोडायच्या त्या शरदात आणि हिवाळ्यात, ऐन फुलोऱ्यात नव्हे. पॅनेलांची खालची कड जमिनीपासून हातभर अधिक उंच ठेवली तर मेंढ्याही नीट चरतात आणि गवताची सावलीही पडत नाही.

गवताचा माज उतरवण्यासाठी ‘यलो रॅटल’ नावाची एक पिवळ्या फुलांची वनस्पती मुद्दाम पेरतात. ती अर्धपरजीवी आहे. स्वतः हिरवी असूनही शेजारच्या गवताच्या मुळांत मुळे रोवून ती त्याचा रस चोरते. गवत खुरटले की इतर फुलांना जागा मिळते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ज्वारी पिकते त्यांना ही चोरी ओळखीची वाटेल. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला याच कुळातला. आपला शेतकरी ज्याला शिव्या देतो, त्याच्या चुलतभावाला तिकडे विकत आणून पेरतात!

पॅनेलांच्या थेट खाली काय घडते, हेही मोजले गेले आहे. इंग्लंडमधील वेस्टमिल येथील केंद्रात संशोधकांनी वर्षभर नोंदी घेतल्या आणि २०१६ साली त्या प्रसिद्ध केल्या. उन्हाळ्यात पॅनेलांखालची माती मोकळ्या जमिनीपेक्षा ५.२ अंश सेल्सियसपर्यंत गार आणि अधिक कोरडी आढळली. तेथे वनस्पतींच्या जातीही कमी होत्या. तेव्हा संपूर्ण केंद्र फुलेल अशी आशा धरू नये. भर द्यायचा तो मधल्या पट्ट्यांवर आणि कुंपणालगतच्या कडांवर. प्रवेशद्वाराशी चार फुलझाडे लावून छायाचित्र काढल्याने मात्र बंबलबीचे पोट भरत नाही.

पक्ष्यांबाबतही असेच दिसले. पूर्व इंग्लंडमधील फेन्स या सपाट शेतीप्रदेशात केंब्रिज विद्यापीठ आणि आरएसपीबी ही पक्षिसंरक्षण संस्था यांनी केलेली पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. गवत वाढू दिलेल्या, कुंपणाला झुडपे राखलेल्या केंद्रांत लगतच्या शेतांच्या मानाने दर हेक्टरी जवळजवळ तिप्पट पक्षी आढळले. त्यांत ब्रिटनमध्ये झपाट्याने घटत चाललेले भारीट आणि लिनेट होते. चंडोलाची गोष्ट मात्र निराळी. त्याला घरट्यासाठी चहूकडे मोकळी नजर लागते, आणि पॅनेलांच्या रांगांमध्ये ती मिळत नाही. तो तेथे दाणे टिपायला येतो, पण घरटे बहुधा बाहेरच्या शेतात करतो.

काही प्राण्यांना तर पॅनेल फसवतात. गुळगुळीत काळ्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, आणि पाण्यावरून येणाराही तसाच. ‘मेफ्लाय’सारखे पाण्यात अंडी घालणारे कीटक याच खुणेवरून पाणी ओळखतात, म्हणून ते पॅनेललाच तळे समजून त्यावर अंडी घालतात. ती अर्थातच वाळून जातात. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले की पॅनेलवर पांढऱ्या रेषांची जाळी आखली तर हे आकर्षण १० ते २६ पटींनी घटते.

आणखी एक फरक विसरून चालणार नाही. इंग्लंडमधल्या पाहण्यांत तुलना होती ती शेताशी किंवा कापलेल्या हिरवळीशी. केंद्र जर मुळातच जिवंत असलेल्या गवताळ रानावर उभे राहिले तर हिशेब उलटा होईल. आपल्याकडे माळरान सरकारी दप्तरात अनेकदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेले असते. ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले तो माळढोक पक्षी अशाच रानावर जगतो. त्याचे उरलेसुरले मोठे ठाणे राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहे, आणि सौर व पवनऊर्जेची केंद्रेही त्याच भागात वाढली. तेथे पॅनेलांपेक्षा मोठा घात करतात त्या वीज वाहून नेणाऱ्या तारा. पंधरा किलोपर्यंत वजन भरणाऱ्या या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, नाकासमोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड शरीर चटकन वळवता येत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली.

शिक्षकांसाठी एक सूचना. तुमच्या गावाजवळ सौर वीजकेंद्र असेल तर परवानगी काढून विद्यार्थ्यांना तेथे न्या. कुंपणाच्या आत पन्नास मीटरची एक वाट ठरवा आणि बाहेरच्या बांधावर तेवढीच दुसरी. दोन्हींवरून सारख्याच वेगाने चाला, फुलांच्या जाती आणि त्यांवर बसलेले कीटक मोजा. पावसाळ्यानंतर दर आठवड्याला, शक्यतो एकाच वेळी. आकाश, वारा आणि तापमान यांची नोंद शेजारी लिहा, कारण ढगाळ दिवशी कीटक कमी दिसले तर तो दोष केंद्राचा नसतो. आणि गवत कोणत्या तारखेला कापले, हे तेथल्या रखवालदाराला विचारून न चुकता वहीत मांडा.