आठशे डॉलरचा डाव आणि पेटीची किल्ली

२००२ च्या सुमारास आमच्या कळमन्यात बाजाराजवळ एक सायबर कॅफे होता. मी अडतीच्या दुकानात हिशेब लिहीत असे. संध्याकाळी पुतण्याला शोधायला तिथे गेलो, की दहा पोरे एका खोलीत एकमेकांवर ओरडताना दिसत. खेळ होता काउंटर-स्ट्राइक. मला तो निव्वळ गोळीबार वाटे. एकदा पुतण्या म्हणाला, "काका, आता महाग बंदूक घेतली तर पुढच्या राउंडला पैसे राहत नाही. वाचवा लागते." हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून मी थांबून पाहू लागलो. तो नाद अजून सुटलेला नाही.

मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ साली व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ' या खेळात फेरफार करून हा खेळ घडवला. आरंभी त्यात फक्त ओलिसांची सुटका होती; बॉम्ब पेरणे आणि निकामी करणे काही महिन्यांनी आले. २००० साली व्हॉल्व्हने तो आपल्या नावाने बाजारात आणला.

इतर बंदुकीच्या खेळांत मेलेला खेळाडू क्षणात पुन्हा उभा राहतो. इथे मेला तो राउंड संपेपर्यंत बाहेर. म्हणून पळण्यापेक्षा थांबणे, कानोसा घेणे आणि सोबत्याला सांगणे महत्त्वाचे. सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर, साठवता येतात जास्तीत जास्त १६,०००. हरणाऱ्यालाही थोडी रक्कम मिळते आणि सलग हरल्यास ती मर्यादेपर्यंत वाढत जाते. त्यामुळे एखादा राउंड मुद्दाम सोडून पुढच्याची तयारी करणे, हाही डावच. सामन्याच्या मध्यावर संघ बाजू बदलतात. 'दहशतवादी' हे केवळ एका बाजूचे नाव उरते.

हा सांगाडा फारसा बदलला नाही. २००४ मध्ये 'सोर्स', २०१२ मध्ये 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह', २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' आले. चित्रे सुधारली, धूर खरा वाटू लागला, सामना ३० राउंडांवरून २४ वर आला. कॅफेतल्या काळात २५०० ला मिळणारी एके-४७ आज २७०० ला मिळते. इतकी कमी महागाई आमच्या बाजाराने कधी पाहिली नाही!

खरा बदल ऑगस्ट २०१३ मध्ये झाला. बंदुकीवर चढवायचे रंग, म्हणजे 'स्किन', आले. पेटी खेळताना मिळते, पण किल्ली सुमारे अडीच खऱ्या डॉलरची. आत काय निघेल ते नशिबावर. रंगाने नेम सुधारत नाही; पण तो विकता येतो आणि कंपनीच्या बाजारात विकल्यास सुमारे १५ टक्के कंपनीकडे जातात. २०१८ च्या डिसेंबरात खेळ फुकट झाला, त्याचे गणित इथे उलगडते.

कळमन्यात संत्र्याचा भाव पडतो तो आवक वाढली म्हणून. ढीग डोळ्यांसमोर असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने एक नियम बदलला: पाच दुर्मिळ रंग देऊन चाकू घेता येऊ लागला. चाकूंचे भाव रातोरात कोसळले. माल कंपनीचा, बाजार कंपनीचा आणि नियमही तिचेच.

आपल्या देशाने २०२५ च्या कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. या एकाच खेळात मात्र कौशल्य आणि सोडत शेजारी बसली आहेत. आईबाप गोळीबाराला घाबरतात. माझ्या मते लक्ष पेटीकडे हवे.

परवा त्याच पुतण्याच्या मुलाने माझ्याकडे किल्लीसाठी दोनशे रुपये मागितले. मी दिले नाहीत. "आजोबा, चाकू निघाला तर?" तो म्हणाला. मी त्याला पहाटे संत्र्यांच्या लिलावाला नेले. बोली लावण्याआधी व्यापारी फळ हातात घेऊन, फोडून पाहत होता. पोरगा बराच वेळ ते बघत राहिला. मग म्हणाला, "पेटी अशी उघडून पाहता नाही येत."

संध्याकाळी आम्ही दोघे खेळायला बसलो. पहिल्याच राउंडला मी मेलो आणि उरलेला वेळ त्याचा हिशेब बघत बसलो.