दिवा हिरवा, तरी भोक बंद

महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये छताखालून लाल नळ्या गेलेल्या दिसतात. त्यांना ठराविक अंतरावर बारीक भोकं असतात. नळीच्या टोकाला असलेल्या डिटेक्टरमधला पंखा त्या भोकांतून खोलीतली हवा सतत ओढतो आणि प्रकाशाच्या झोतात तिच्यातले धुराचे कण शोधतो. बहुतेक जण या यंत्रणेला ‘वेस्डा’ म्हणतात. वायर नुसती तापून वास यायला लागली तरी ती ओळखणारी ही यंत्रणा आहे, पण तिच्या देखभालीत काही समजुती चिवटपणे टिकून आहेत.

सगळ्यांत धोकादायक समजूत ही, की पॅनेलवर फॉल्ट नाही म्हणजे सगळी भोकं उघडी आहेत. डिटेक्टर मोजतो तो नळीतला एकूण प्रवाह. युरोपच्या ईएन ५४-२० या मानकानुसार प्रवाह २० टक्क्यांनी बदलला की फॉल्ट दिसायला हवा. आता २० भोकांची नळी घ्या. छत रंगवताना एक भोक बुजलं, तर प्रवाह साधारण पाच टक्के घटतो. दोन बुजली तरी दिवा हिरवाच. त्या भोकाखालच्या रॅकमधून निघालेला धूर मात्र पुढच्या भोकापर्यंत जाईस्तोवर विरळ होतो.

‘शेवटच्या भोकाशी धूर दिला, अलार्म आला, काम झालं’ हेही अर्धंच खरं. या चाचणीतून नळी शेवटपर्यंत सलग आहे, एवढंच कळतं. मधल्या भोकांबद्दल काहीच कळत नाही. ती एकेक करून डोळ्यांनीच पाहावी लागतात. चाचणी करताना घड्याळही लावायला हवं. याच मानकात सर्वांत संवेदनशील ‘ए’ वर्गासाठी धूर पोहोचण्याची मर्यादा ६० सेकंद आहे, ‘सी’ वर्गासाठी १२०. पण मर्यादेत बसलं म्हणून थांबू नये. कमिशनिंगच्या वेळच्या नोंदीशी ताळा करावा. ‘सी’ वर्गाच्या यंत्रणेत तेव्हा ४० सेकंद लागले होते आणि आज ७० लागतात, तर कुठेतरी बिघाड नक्की आहे.

‘प्रवाह जास्त’ असा फॉल्ट पुष्कळदा सोडून दिला जातो, कारण जास्त हवा म्हणजे चांगलंच, असं वाटतं. खरं तर डिटेक्टरजवळचा एखादा सांधा सुटला की पंख्याला तिथूनच हवा मिळते आणि लांबच्या भोकांची ओढ कमी होते.

फॉल्ट आला की ‘नॉर्मलाइज’ करून मोकळं होणं, ही सवय मला सर्वांत जास्त खटकते. त्या आज्ञेने डिटेक्टर आत्ताचा प्रवाहच योग्य धरून चालतो. नळी साफ करून तपासल्यानंतर ती द्यायची असते. आधी दिली, तर बिघाडच यंत्रणेच्या हिशेबी ‘नॉर्मल’ ठरतो.

दिवाळीत फटाक्यांचा धूर किंवा एरवी जनरेटरचा धूर ताज्या हवेबरोबर आत येतो, अलार्म वाजतो आणि कोणीतरी संवेदनशीलता कमी करून टाकतं. ती पुन्हा वाढवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा ताजी हवा जिथून येते तिथे एक संदर्भ डिटेक्टर बसवावा. बाहेरचा धूर वजा करून आतला धूर ओळखण्याची सोय पुष्कळ यंत्रणांत असते.

फिल्टर धुऊन किंवा फुंकून परत बसवू नये, बदलावा. नळीत दाबाची हवा सोडण्याआधी ती डिटेक्टरपासून सोडवावी, नाहीतर सगळी धूळ डिटेक्टरमध्येच जाईल. चाचणीसाठी तेलकट स्प्रे टाळावा.

आणि फॉल्ट रोज ठराविक वेळीच येत असेल, तर नळी उघडण्याआधी एसीचं वेळापत्रक पाहा. डिटेक्टरने तपासलेली हवा दुसऱ्याच खोलीत सोडली जात असेल, तर एसी चालू-बंद होताना दोन्ही खोल्यांमधल्या दाबाचा फरक बदलतो आणि प्रवाहही. अशा वेळी ती हवा नळीने मूळ खोलीतच परत आणून सोडावी.