आवाज ‘बसतो’ तेव्हा नक्की काय होतं? गायकाची दिनचर्या आणि संशोधकाचे प्रश्न

गेल्या गणपतीत माझ्या मावसबहिणीचा आवाज बसला. ती संगीतात एम.ए. करते, संध्याकाळी लहान मुलांचे क्लासही घेते. घरात लगेच उपाय सुरू झाले: ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध, गरम पाणी. तिने मला विचारलं, “ताई, तू सायन्सवाली ना? यातलं खरं काय आणि ऐकीव काय?”

माझी पीएचडी आवाजावर नाही. पण प्रश्न चांगला होता, म्हणून वाचायला बसले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून हा लेख.

आधी यंत्र समजून घेऊ

स्वरतंतू म्हणजे तंबोऱ्याच्या तारा नव्हेत. स्वरयंत्रातल्या त्या दोन मऊ घड्या आहेत. फुप्फुसातली हवा मधून जाताना त्या एकमेकींवर आपटतात, उघडतात, पुन्हा आपटतात. आत स्नायू आणि वरून ओलसर, लवचीक आवरण अशी त्यांची रचना जपानी संशोधक मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये मांडली. आवाजाचा गोडवा मुख्यतः या आवरणाच्या लहरींवर अवलंबून असतो.

आता साधा हिशेब करा. काळी चारच्या पट्टीत गाणाऱ्या मुलीचा मध्य सा साधारण २०८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०८ आपट. तो अर्धा तास लावला, तर २०८ × १८०० = सुमारे पावणेचार लाख आपट! तार सा लावला की आकडा दुप्पट. इंगो टिट्झे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘आवाजाचा डोस’ मोजायची कल्पना मांडली, ती याच विचारातून. फक्त वेळ मोजून भागत नाही. पट्टी, जोर आणि मधली विश्रांती हेही धरावं लागतं.

कोल्हापूरची एक जुनी केस

जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. कोल्हापुरात येण्याआधी, आमलेटा संस्थानात असताना, अतिगायनाने त्यांचा आवाज गेला होता असं सांगितलं जातं. आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. आणि त्या बदललेल्या आवाजाला साजेशी पेचदार, लयीशी खेळणारी गायकी त्यांनी घडवली, असंही म्हणतात.

गोष्ट सुंदर आहे. पण संशोधक म्हणून थांबा. ‘अति गायले, म्हणून आवाज गेला’ यात ‘नंतर झालं’ आणि ‘त्यामुळे झालं’ यांची सरमिसळ असू शकते. संसर्ग असेल, थकवा असेल, दोन्ही असेल. त्यांचे स्वरतंतू त्या वेळी कोणी पाहिले नव्हते. गंमत म्हणजे, मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले ते १८५४ मध्ये, आणि तो शोध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला १८५५ मध्ये, म्हणजे खाँसाहेबांच्या जन्मसालीच! एका माणसाची गोष्ट प्रश्न सुचवते, उत्तर सिद्ध करत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मग रोज करायचं काय?

१. पाणी दिवसभर, घोट घोट. गिळलेलं काहीच स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेत जातं. ज्येष्ठमधही तिथेच. घसा शांत वाटतो, तो वरचा. प्यायलेलं पाणी शरीरात मुरून मग उपयोगी पडतं, म्हणून मैफलीआधी तांब्याभर पिऊन काही साधत नाही. १९९४ च्या एका प्रयोगात १२ जणांना आळीपाळीने पाणी वाढवणारे, कमी करणारे आणि बनावट असे उपचार दिले. कुठला उपचार चालू आहे हे ना त्यांना माहीत, ना मोजणाऱ्यांना. शरीरात पाणी कमी असताना आवाज काढायला जास्त कष्ट पडले, पण मुख्यतः उंच स्वरांत. हा ‘पण’ नीट वाचायला शिका, खरा निष्कर्ष तिथेच असतो.

२. गोंगाटात बोलू नका. आजूबाजूला आवाज वाढला की आपण नकळत ओरडतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, १९११ पासून माहीत आहे. मिरवणुकीत डॉल्बीशेजारी तासभर गप्पा मारणं हा रियाजापेक्षा मोठा डोस ठरू शकतो.

३. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. २००६ च्या एका अभ्यासात १०० रुग्णांपैकी बहुतेकांच्या स्वरयंत्रावर कुजबुजताना ताण वाढलेला दिसला. काहींचा मात्र कमीही झाला. आवाज बसला असेल तर कमी बोला, हळू पण साध्या आवाजात. सारखं खाकरणंही टाळा.

४. रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं होऊ नका. आम्ल वर येऊन घशाला त्रास देऊ शकतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. (रस्सा सोडा म्हणत नाही, कोल्हापुरात राहायचंय मला!)

५. रियाज तुकड्यांत करा. आधी मंद्र-मध्यात हलका आवाज, तार सप्तक नंतर, मध्ये शांतता.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं

बहीण महिनाभर घरगुती उपायच करत राहिली. दुखत नव्हतं ना! पाचव्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी. आपट सर्वांत जोरात बसते त्याच जागी. त्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा हुकली, क्लास बंद ठेवावे लागले. शस्त्रक्रिया नाही लागली. आवाजाच्या व्यायामांनी ती सावरतेय. आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र तपासून घ्यावं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनेची २०१८ ची मार्गदर्शिका सांगते. गळ्यावरच पोट असणाऱ्यांनी तेवढंही थांबू नये.

आता ती रोज वहीत लिहिते: किती मिनिटं गायले, कुठल्या पट्टीत, किती बोलले, सकाळी आवाज दहापैकी किती. परवा म्हणाली, “ताई, रियाजाच्या दिवशी नाही, क्लासच्या दुसऱ्या दिवशी आवाज पडतो गं.”

वीस मुलांवर ओरडणं. आम्ही दोघीही इतके दिवस तानांनाच दोष देत होतो. एका वहीतून सिद्ध काहीच होत नाही, पण तपासायला योग्य प्रश्न मिळाला. संशोधनाची सुरुवात अशीच होते.