बर्गर खा, पण आधी बिल वाचा!

पुनावळे, ताथवडे, रावेत भागात सोसायट्या वाढल्या, तशी बर्गर-पिझ्झाच्या साखळी दुकानांतली रविवारची गर्दीही वाढली. काउंटरवर कितीही घाई असली तरी एवढं नक्की पाहा:

🍔 कॅलरी : १० किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळीने मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी दाखवणं बंधनकारक आहे. मुलांना कॉम्बो घेऊन देण्याआधी तो आकडा वाचा.

🧾 कर : बिलात जीएसटी ५ टक्के. सीजीएसटी २.५ आणि एसजीएसटी २.५ अशा दोन ओळी दिसतात.

💰 सर्व्हिस चार्ज : हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याच्या सक्तीला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. बिलात आपोआप लावला असेल, तर शांतपणे काढायला सांगा.

🔢 परवाना : बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा.

पदार्थ शिळा किंवा अर्धकच्चा निघाला, तर फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि आधी मॅनेजरशी बोला. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

सोसायटीच्या ग्रुपवर ही पोस्ट जरूर पाठवा!